आक्कांचं इंग्रजी

शाहूपुरी, कोल्हापूर
३ जानेवारी २०२५

श्रेयस,

जय जिनेंद्र. फोन नको, काही असेल तर लिहा, असं आपलं घटस्फोटाच्या वेळी कोर्टाच्या आवारात ठरलं होतं. म्हणून लिहिते आहे.

आक्कांचे रिपोर्ट आले. स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, पसरलेला आहे. डॉक्टर म्हणाले, घरी न्या. किती दिवस, असं मी विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. आक्का, तुमच्या आई, बाहेर बाकावर बसल्या होत्या. मी काही सांगायच्या आधी उठल्या आणि म्हणाल्या, "चल, रिक्षा बघ. ऊन चढाय लागलं."

काल बस्तीत दर्शन घेऊन आल्या आणि सल्लेखना घेणार म्हणाल्या. मुनिमहाराजांचा मुक्काम पौष संपेपर्यंत इथं आहे, पुढं ते मलकापूरकडे विहार करणार. तोवर व्हायला हवं.

तुम्हाला माहीत आहे, पण क्लेअरना सांगावं लागेल म्हणून लिहिते. आधी धान्य सुटतं. मग दूध. मग ताक. मग नुसतं पाणी आणि शेवटी तेही नाही. हा उपास नव्हे. आक्का त्याला निघायची तयारी म्हणतात. धान्य त्यांनी सोडलं आहे. पुढचं व्रत महाराज देतील, पण त्याआधी दोन गोष्टी व्हाव्या लागतात. घरच्यांची अनुमती, आणि ज्यांच्याशी बिनसलं आहे त्यांच्याशी क्षमा.

दोन्हीकडे तुमचं नाव येतं.

एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नाही. तुमचं क्लेअरशी दुसरं लग्न झाल्याचं कळलं तेव्हा चातुर्मास होता. बस्तीत बायका महाराजांपुढे नियम घेत होत्या. कुणी बटाटा सोडत होतं, कुणी आंबा. आक्का म्हणाल्या, "माझी लई आवडती एक गोष्ट सोडतो. जन्मभर." त्या वेळचे महाराज वेगळे होते. त्यांना खाण्याची वस्तू वाटली असावी. त्यांनी नियम दिला. घरी आल्यावर आक्कांनी मला सांगितलं, "श्रेयसशी बोलायचं सोडलं."

तुमचे फोन आले की त्या उठून आत जायच्या, ते या नियमामुळे. रागामुळे नाही, असं मी म्हणणार नाही. मी त्यांचे कान भरले असं तुम्हाला वाटलं असेल. मी भरले नाहीत. अडवलंही नाही.

आत्ताच्या महाराजांना त्यांनी खरं काय ते सांगितलं. महाराज म्हणाले, रागानं घेतलेला नियम म्हणजे नियम नव्हे, प्रायश्चित्त घ्या आणि मुलाशी बोला. आक्का म्हणाल्या, "दिला तुमच्यासारख्यांनी, पण घेतला मी हाय. मोडून जायचं न्हाय." मग वाटही त्यांनीच काढली. तुमच्याशी बोलायचं नाही. तुमच्या मुलीशी बोलायचं. नोरा तुम्हाला सांगेल.

नोराला मराठी येत नाही. म्हणून आक्का इंग्रजी शिकणार आहेत. माझ्याकडे.

तुमच्याकडून हवं ते एवढंच. अनुमती कळवा, आणि नोराशी एकदा बोलणं घडवा, चेहरा दिसेल असं. माझं काही मागणं नाही.

अनुजा


८ जानेवारी

श्रेयस,

तुमची मेल मिळाली. क्लेअरना वाचता यावं म्हणून तुम्ही इंग्रजीत लिहिता, हे मला समजतं. ते योग्य आहे.

तुम्ही लिहिलं आहे, "आय माइट पॉसिब्ली बी एबल टू अरेंज अ कॉल." कदाचित, शक्य झाल्यास, जमवता येऊ शकेल. ते वाक्य मी माझ्या इंग्रजीच्या क्लासला, संध्याकाळच्या बॅचला, फळ्यावर लिहून दिलं. तुमचं नाव घेतलं नाही. सध्या आमचं तेच चालू आहे. कॅन, मे, मस्ट, शुड, आणि त्यांच्या सोबतीनं येणारे पॉसिब्ली, प्रॉबेब्ली, सर्टनली. मी विचारलं, हा माणूस फोन करेल का?

सगळे नाही म्हणाले.

धैर्यशील म्हणून एक मुलगा आहे, जर्मनीला जायचं म्हणतो. तो म्हणाला, "म्याडम, ह्यो गडी वाक्यातनंच पळून चाललाय की."

नर्सिंग करणारी ऐश्वर्या म्हणाली, "तसं न्हाय. करायचाय त्याला. मागनं कुणीतरी ढकलाय पाहिजे."

मग धैर्यशीलनं विचारलं, ते पॉसिब्ली मधेच कशाला, शेवटी टाकलं तर? मी सांगितलं, असा शब्द बहुधा मदतीचं क्रियापद आणि मुख्य क्रियापद यांच्यामध्ये बसतो. तो म्हणाला, "म्हंजी नवराबायकूच्या मधी बसल्यालं पावणं."

वर्ग हसला. मीही हसले. पुढची उदाहरणं दिली.

तुमचं दुसरं वाक्य, "शी मस्ट बी हॉस्पिटलाइज्ड इमिजिएटली." त्यात कुठंच माइट नाही. हॉस्पिटलनंच घरी पाठवलं आहे, हे मी लिहिलं होतं.

आक्कांची शिकवणी सकाळी दूध घेतल्यावर होते. त्या स्वयंपाकघरात पाटावर बसतात, मी स्टुलावर. खालीवर बसलेलं बरं दिसत नाही म्हणून मीही खाली बसले, तर म्हणाल्या, "मास्तरीण वर बसती." सदलग्याला माहेरी त्यांची कानडी, इथं आल्यावर मराठी. "आनि एक," म्हणाल्या. "लग्नाला एक शिकलो, जाताना एक."

'हॅलो नोरा, आय अॅम युवर फादर्स मदर' हे लगेच आलं. मग अडलं. त्यांचं म्हणणं, "मी तिच्या बाशी बोलत न्हाय, ह्ये पोरीला आधी सांगाय पाहिजे. न्हाईतर तिला वाटंल, म्हातारी बिनडोक हाय, बा शेजारी बसलाय आनि मलाच सांगतीया."

मी तीन शब्द दिले. कान्ट, म्हणजे बोलता येत नाही. वोन्ट, म्हणजे बोलणार नाही. मस्टन्ट, म्हणजे बोलायचं नाही.

त्या म्हणाल्या, "येत न्हाय म्हणलं तर खोटं. बोलणार न्हाय म्हणलं तर उर्मटपणा. तिसरं दे."

मी म्हटलं, "तिसऱ्यात कुणीतरी मनाई केल्यासारखं होतं."

"केलीयाच की. मीच."

तेव्हा मस्टन्ट ठरलं आहे.

अनुमतीचं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही.

अनुजा


१३ जानेवारी

श्रेयस,

ही आत्महत्या आहे असं तुम्ही लिहिता. आक्कांना मी ते वाचून दाखवलं नाही. त्यांनी विचारलं, काय म्हणतोय. मी म्हटलं, विचार करतोय. त्या म्हणाल्या, "करू दे. त्याला पयल्यापासनं येळ लागतो. चपला घालायलाबी."

तुम्ही असंही विचारलं आहे, तू स्वतः याला तयार आहेस का? माझी अनुमती कुणी मागितलेली नाही. कागदोपत्री मी या घरात कुणी नाही. तेव्हा हा प्रश्न तुमचाच आहे.

शिकवणी पुढं गेली आहे. ज्याच्यासाठी हे सगळं, त्या वाक्याशी आम्ही आता आलो. आक्कांचं मराठीत असं आहे. तुझ्या बाला सांग, माझा राग गेला.

मी सोपं करून दिलं. 'माय अँगर हॅज गॉन.' त्यांनी विचारलं, ह्याचा अर्थ काय. मी सांगितलं, गेला आहे.

"कवा गेला?"

"ते तुम्ही सांगायचं."

"मला काय म्हाईत? मी बघितला न्हाय जाताना. एक दिस शोधला तर न्हवता."

मी विचारलं, कोणता दिवस. त्या म्हणाल्या, अण्णासोकाकांनी मोबाइलवर नोराचा फोटो दाखवला होता, पुढचे दात पडलेला. "मी म्हणलं, आता राग येनार. वाट बघत बसलो. भाकऱ्या झाल्या, भांडी झाली. आलाच न्हाय."

हे मला माहीत नव्हतं. त्या काळात आम्ही दोघी रोज एका स्वयंपाकघरात होतो. त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

मग मी त्यांना दुसरं दिलं. 'मस्ट हॅव गॉन.' घडताना आपण पाहिलेलं नसतं, पण आज जे दिसतं त्यावरून म्हणतो, तेव्हा ते वापरतात. गेलाच असणार. आक्कांनी ते स्वतःशी म्हणून पाहिलं. "ह्ये खरं हाय," म्हणाल्या. "ह्यात खोटं कायबी न्हाय." त्यांना सध्या एकेक शब्द तपासून घ्यायचा असतो. जाताना खोटं बरोबर न्यायचं नाही म्हणतात. 'आय विल ऑलवेज' असं एक वाक्य मी सुचवलं होतं, नातीशी बोलताना लोक म्हणतात तसं. त्यांनी काढून टाकलं. "विल म्हंजी पुढं. माझ्याकडं पुढं कुठं हाय? आनि ऑलवेज तर मुळीच नको."

मग एकदम म्हणाल्या, "तुझा?"

"काय?"

"राग."

मी म्हटलं, पुढचं वाक्य घेऊ.

दूध अजून घेतात. महाराजांनी सांगितलं आहे, बोलायला बळ लागतंय तोवर दूध राहू दे, नातीशी बोलणं झालं की पुढचं बघू. सकाळी एक फुलपात्र, दुपारी अर्धं. सूर्य मावळल्यावर पाणीही नाही.

अनुजा


१७ जानेवारी

श्रेयस,

"वी विल कॉल ऑन संडे." हे वाक्य तुमचं वाटत नाही. क्लेअरचं असावं. त्यांना माझा नमस्कार सांगा.

पण या रविवारी नको. आक्कांची तयारी झालेली नाही.

वाक्य लांब आहे. 'माय अँगर मस्ट हॅव गॉन लाँग अगो.' त्यात त्यांचा 'हॅव' गळतो. 'अँगर'चा उच्चार 'अंगार' होतो. 'लाँग अगो' आधी येतं की नंतर, यात गोंधळ होतो. शिवाय त्यांना आता एक शब्द वाढवायचा आहे. 'रिअली', खरोखर. तो मस्टच्या नंतर घ्यायचा, हॅवच्या नंतर घ्यायचा की घ्यायचाच नाही, यावर आमचे दोन दिवस गेले. प्रत्येक जागी अर्थ थोडा हलतो. मी त्यांना सगळ्या जागा करून दाखवल्या.

मुलीला पहिल्याच वेळी समजलं पाहिजे. पुन्हा विचारायला पुढची वेळ असणार नाही. म्हणून पुढचा रविवार.

प्रकृती तशीच आहे. थोडी सूज पायांवर. मी तेल लावते. दूध घेतात.

अनुजा


२२ जानेवारी

श्रेयस,

उशीर का, हे तुम्ही मला न विचारता अण्णासोकाकांना फोन करून विचारलंत. ठीक आहे. धाकट्या दिराला आक्का नाही म्हणत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे.

काका काल दारातूनच बोलत आले. "काय गं, तिकडं पोरगं फोन धरून बसलंय आनि तू म्हणतीस तयारी न्हाय? वैनीला काय कलेक्टर करतीस?"

आक्का आतून म्हणाल्या, "अण्णासो, हळू बोला. ऐकू यायचं मी अजून सोडलं न्हाय."

"तुम्हीच सांगा वैनी. झाली का न्हाय तयारी?"

आक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी सगळं म्हणून दाखवलं. हॅलो नोरापासून लाँग अगोपर्यंत. 'हॅव' जागेवर होता. 'अँगर' नीट होता. 'रिअली' नव्हतंच. काका आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिले. "आयला, ही तर गोरी म्याडमच की," म्हणाले. चहा नको म्हणाले आणि गेले.

मी फुलपात्र घेऊन आले. आक्कांनी ते हातात घेतलं, प्यायल्या नाहीत.

"मला संक्रांतीपासनं येतंय," म्हणाल्या.

"उच्चार अजून..."

"अनुजा."

मी त्यांच्याजवळ बसले.

"तू चुका काढतीस. मी दूध पितो. व्हय का न्हाय?"

मी हो म्हटलं.

"मग आनि किती काढायच्या?"

त्यांनी दूध संपवलं. भांडं माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "ऐतवारी फोन लाव म्हणावं. आनि रडून नाक भरू नकोस. तुझा आवाज बसला की मला झोप लागत न्हाय."

तुम्ही विचारलं होतं, उशीर का. ते हे आहे.

रविवारी इथले सकाळचे अकरा, तुमचे दुपारचे चार. मी लॅपटॉप पाटासमोर ठेवीन.

अनुजा


२६ जानेवारी

श्रेयस,

तुमच्या बाजूनं काय दिसलं ते मला माहीत नाही. इथून दिसलं ते लिहून ठेवते. तुम्ही नंतर विचाराल आणि तेव्हा मला आठवेलच असं नाही.

आक्कांनी सकाळी डोक्यावरून आंघोळ केली. पांढरी साडी नको म्हणाल्या, पोर भिईल. निळी काठाची नेसल्या. पडद्यावर आधी छत आलं, मग नोराचं कपाळ. मग ती नीट बसली. आक्का पुढं वाकल्या. मला वाटलं त्या सुरुवात विसरल्या. त्या नुसत्या बघत होत्या. मग माझ्याकडे न वळता म्हणाल्या, "दात आलं की गं."

त्यानंतर हॅलो नोरा झालं. फादर्स मदर झालं. नोरानं "ग्रॅनी?" असं विचारलं, तो शब्द आम्ही केला नव्हता. आक्का म्हणाल्या, "यस." मग म्हणाल्या, "आय मस्टन्ट टॉक टु युवर फादर. आय टॉक टु यू. यू टेल." नोरानं मान हलवली. मुलांना नियम पटकन समजतात. माझ्या वर्गातल्या मोठ्यांना यापेक्षा वेळ लागतो.

मग वाक्य. त्यांनी ते हळू म्हटलं. 'लाँग अगो' राहून गेलं. 'माय अँगर मस्ट हॅव गॉन.' तेवढंच. नोरानं बाजूला बघून ते तुम्हाला सांगितलं. तिनं 'मस्ट हॅव' गाळलं. 'शी सेज हर अँगर्स गॉन.' आक्कांना ते कळलं. त्या मला हळूच म्हणाल्या, "गेलाच म्हणली ती." मी विचारलं, दुरुस्त करू का. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. ती म्हणती तर गेला."

तेव्हा तुमचा आवाज आला. "आक्का," एवढाच. चेहरा दिसत नव्हता. बोलायचं नाही असा नियम होता, ऐकायचं नाही असा नव्हता. त्या हलल्या नाहीत. पडद्याच्या कडेला जिथून आवाज आला तिथं बघत बसल्या. तिथं लॅपटॉपची चौकट होती.

नोरा तुमच्याकडे बघत होती.

आक्कांनी विचारलं, "युवर फादर क्राइंग?"

नोरा म्हणाली, "अ बिट."

आक्का माझ्याकडे वळल्या. घाईनं, रेल्वे सुटत असल्यासारखं. "पूस म्हणायला काय म्हनत्यात?"

मी म्हटलं, "वाइप."

"नोरा," त्या म्हणाल्या. "वाइप हिम."

नोरा उठून गेली. तेवढा वेळ आमच्याकडे तिची रिकामी खुर्ची आणि मागची खिडकी दिसत होती. बाहेर तारेवर एक टॉवेल होता. परत येऊन ती "डन" म्हणाली. आक्का म्हणाल्या, "गुड गर्ल." तेही आम्ही केलं नव्हतं. क्लासला जाणारी मुलं जिन्यात म्हणतात, तिथून उचललं असेल.

मग नोरानं बोट दाखवून विचारलं, ती बाई कोण. म्हणजे मी. लॅपटॉप धरला होता त्यामुळे माझा अर्धा खांदा दिसत असावा.

मी म्हटलं, आय टीच हर इंग्लिश.

त्यानंतर तुम्ही बंद केलं.

आक्का म्हणाल्या, "मला कळलं तू काय म्हणलीस ते."

मी म्हटलं, "खोटं नाही."

"न्हाय. खोटं न्हाय," म्हणाल्या. "पर कोण इचारतंय आनि काय सांगतीस."

दुपारचं अर्धं फुलपात्र त्यांनी घेतलं नाही. पाय चेपून घेतले. मग झोपल्या. मी पाच वाजता क्लासला गेले.

अनुजा


२९ जानेवारी

श्रेयस,

तुमची एका ओळीची मेल सोमवारी आली. 'आय विल नॉट ऑब्जेक्ट.' त्यात एकही जादा शब्द नव्हता.

तुम्ही निघणार असाल तर निघा. येताना नोराला आणा किंवा आणू नका, आक्कांनी दोन्ही सांगितलेलं नाही. त्यांनी तुमच्यासाठी निरोपच ठेवलेला नाही. जे सांगायचं ते सांगून झालं म्हणतात. तुम्ही आलात तर त्या तुमच्याशी बोलणार नाहीत. शेजारी बसता येईल. हात धरता येईल. त्याबद्दल नियमात काही नाही, मी विचारून घेतलं आहे.

आज दुपारी महाराज घरी आले. आक्का चटईवर बसल्या होत्या, पाठीला उशी. अण्णासोकाका होते, बस्तीतल्या काही बायका होत्या. मी दाराशी उभी होते.

महाराजांनी विचारलं, घरच्यांची अनुमती आहे का?

काका म्हणाले, "पोराची आली म्हाराज. हिच्या मोबाइलात हाय. ही वाचून दावंल."

मी वाचली आणि मराठीत सांगितली. हरकत घेणार नाही, असं म्हणतात. महाराज म्हणाले, ठीक. मग त्यांनी आक्कांना विचारलं, कुणाबद्दल काही मनात आहे का. आक्का म्हणाल्या, न्हाय. त्यांनी सगळ्यांना हात जोडले. काकांना, बायकांना. कळत नकळत बोललो असंन, क्षमा करा. बायकांनी त्यांना तसंच म्हटलं. एकीला रडू आलं, तिला बाहेर नेलं. माझ्यापाशी आल्यावर आक्कांनी हात जोडले आणि काहीच म्हटलं नाही. मीही जोडले.

महाराजांनी विचारलं, "घरात सेवेला कोण असतं?"

"सून असती," काका म्हणाले. मग थांबले. "म्हंजी, होती सून."

"हाय," आक्का म्हणाल्या.

महाराज माझ्याकडे वळले. "मग तुमची अनुमती?"

मला हे कुणी विचारणार नाही असं मी धरून चालले होते. तुम्हालाही तसंच लिहिलं होतं. तुमच्या मेलची वाट बघताना, तुम्ही नाही म्हणालात तर बरं, असं मला वाटत होतं. ते तुमच्यावर राहिलं असतं. आता ते खोलीत माझ्यापुढे होतं आणि सगळे माझ्याकडे बघत होते. आक्का बघत नव्हत्या. त्या स्वतःच्या पायाकडे बघत होत्या. सूज उतरली आहे त्यांची.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला कोल्हापूरचं काही माहीत नव्हतं. बाजार, बस्ती, कुणाकडे काय बोलायचं, सगळं आक्कांनी दाखवलं. तुम्ही गेलात त्या आठवड्यात मी बॅग भरली होती. त्या म्हणाल्या होत्या, ठेव ती माळ्यावर, गव्हाला ऊन द्यायचंय. मी ठेवली आणि गव्हाला ऊन दिलं. त्यावर पुढं आम्ही बोललो नाही. आज महाराज विचारत होते तेव्हा मला हे आठवत होतं असं मी म्हणणार नाही. आत्ता लिहिताना आठवतं आहे. तेव्हा डोक्यात काही नव्हतं.

काका खाकरले.

मी म्हटलं, "आहे."

महाराजांना ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं.

"माझी अनुमती आहे," मी म्हटलं.

मग त्यांनी व्रत दिलं. आक्का त्यांच्यामागून एकेक शब्द म्हणत होत्या, कुठंही अडल्या नाहीत. दूध सुटलं. आजपासून ताक, तेही थोडे दिवस. महाराज गेले, त्यांच्यामागून बायका गेल्या. काका जिन्यात थोडा वेळ उभे होते, मग तेही गेले.

मी चटई सरळ केली. उशी काढून घेतली. आक्का आडव्या झाल्या. त्यांनी डोळे मिटले होते, मला वाटलं झोप लागली.

"जा," त्या म्हणाल्या. "जेव जा आता. सकाळपासनं तशीच हैस. दिवस मावळंल."

मी आत गेले. उजेड होता अजून. भात वाढून घेतला, आमटी घेतली. त्यांना दार उघडं लागतं, म्हणून उघडंच ठेवलं. बसून जेवले.

अनुजा